धरमकाटा

लाखांदूर रोडवर, राइस मिलच्या दारात,
एकोणीस वर्षं मी काट्यावर बसतो.
ट्रक चढला की आधी खाली वाकून बघायचं,
प्लेटीवर कुणाचा पाय नाही ना,
मागच्या चाकाआड हमाल उभा नाही ना.
मग बटन. मग चिठ्ठी.
भरलेल्यातून रिकामं वजा, उरलं ते धान.

आता दर तीन महिन्यांनी माझंही तोलतात.

रक्ताच्या दोन नळ्या, जांभळ्या टोपणाच्या,
बर्फाच्या डब्यात कुठंतरी लांब जातात
आणि आठ-दहा दिवसांनी एक आकडा परत येतो.
पहिला होता अडतीस. मग चार.
मग शून्य पॉइंट सहा.
नागपूरचे डॉक्टर म्हणाले, कापगते, गोळी लागू पडली,
पण तपासणी सोडायची नाही.
हा रक्ताचा कॅन्सर चालताना पाय वाजवत नाही.

तपासणीचे सात हजार दोनशे.
आमच्याकडं एक ट्रक तोलायचे चाळीस रुपये,
म्हणजे मी एकशे ऐंशी ट्रकांचा.
पैसे मालकाचे. हिशेब माझा.

विमा आहे. पगारातून कापला जातो.
कार्डावर हेमराजचं हेमराव झालेलं,
ते दुरुस्त होईस्तोवर धानाचा एक हंगाम गेला.
मग फोन लागला. पुण्याच्या मॅडम, आवाज धुतल्यासारखा:
"सर, आपण ॲडमिट होता का?"
नाही जी. सकाळच्या बसनं गेलो, रक्त देल्लं,
दुपारच्या बसनं आलो.
"मग ते ओपीडीत येतं सर. कव्हर होत नाही."
मंग कवा होते?
"चोवीस तास भरती असेल तर."
म्हंजे बिमारी वाढली तं देता,
वाढू नोये म्हून पाह्यलं तं नाही?
मॅडम जरा थांबल्या. त्यांच्यामागं
आणखी दहा मॅडम बोलताना ऐकू आल्या.
"अजून काही मदत करू शकते का सर?"

गोवर्धन म्हणाला, कायले डोकं लावता,
सारेच करतात. एक रात्र झोपून घ्या.

मी गेलो. साकोलीत, दहा खाटांचा दवाखाना.
नसलेला ताप कागदावर एकशे दोन लिहिला,
मिठाच्या पाण्याची सलाईन लावली.
रात्रभर थेंब मोजले, दुसरं काम नव्हतं.
बाजूच्या खाटेवर सहावीतला पोरगा, डेंग्यूचा, खराखुरा.
त्याची आई त्याच्या ओठाला ओला बोळा लावत होती.
मधेच मला म्हणाली,
"भाऊ, तुमाले का झालं जी?"
मी भिंतीकडं तोंड केलं.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
प्लेटीवर माझा पाय होता.

दीड महिन्यानं पत्र:
केवळ तपासणीसाठी झालेली भरती. दावा नामंजूर.
खाटेचे तीन हजार वरून गेले.
निरूपाला वाचून दाखवलं. ती आधी गप्प,
मग पदर तोंडाला लावून हसायला लागली.
"त्यायचाही काटा तुमच्यावानीच हाये," म्हणाली,
"वाकून पाह्यलं त्याहिनं."
मलाही हसू आलं. किती दिवसांनी.
चेतनानं पत्राच्या कोऱ्या बाजूवर
अपूर्णांकांची गणितं सोडवली.

पुढच्या वेळी तिच्या सायकलीचे जमवलेले गेले.
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

रिपोर्ट आला, शून्य पॉइंट शून्य आठ.
डॉक्टर म्हणाले, उत्तम.
खरं आहे, मानतो.
पण माझ्या काट्यावर पाच किलोच्या आतलं काही उमटत नाही.
दुपारी ट्रक नसले की सांडलेली कनकी टिपायला
चिमण्या प्लेटीवर उतरतात,
सात, आठ, कधी वीस,
आणि लाल आकडे जागचे हलत नाहीत.
शून्य. शून्य. शून्य.
मी खिडकीतून चिमण्या मोजतो.

मागं हॉर्न वाजतो.
उठतो. वाकून बघतो.